फायनल संपली, आता पुढे काय? मास्टरशेफ ऑस्ट्रेलियातल्या आपल्या लाडक्यांना शोनंतर कसं फॉलो करायचं

दर वर्षी तेच होतं. फायनल होते, वरून रंगीत कागद उडतात, ट्रॉफी उचलतात, घरचे येऊन मिठ्या मारतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आपण सवयीने रिमोट हातात घेतो तर काहीच नाही. इतके आठवडे रोज ज्यांना बघितलं, ज्यांचं सॉस फाटलं की आपल्या पोटात गोळा यायचा, ती माणसं एकदम गायब. मी हा शो, म्हणजे घरी स्वयंपाक करणाऱ्यांची ही ऑस्ट्रेलियातली टीव्ही स्पर्धा, स्टार वर्ल्डवर लागायची तेव्हापासून बघतेय आणि सुरुवातीची काही वर्षं माझंही असंच व्हायचं, नवा सीझन आला की जुने चेहरे विसरायचे. मग हळूहळू कळायला लागलं की खरी मजा फायनलनंतरच आहे, कारण शोमध्ये आपण त्यांना फक्त घड्याळाच्या धाकात बघतो, ७५ मिनिटं, ९० मिनिटं, आणि समोर जज. घड्याळ काढून घेतल्यावर हाच माणूस काय शिजवतो ते बघायचं असेल तर थोडी मेहनत आपल्यालाच करावी लागते. ती कशी करायची ते लिहितेय, माझ्यासारखे बरेच जण असतील म्हणून.

सगळ्यात आधी, सगळ्यांना फॉलो करू नका. एका सीझनमध्ये वीस-बावीस जण असतात, इन्स्टावर सगळ्यांना फॉलो केलं की फीड नुसती भरून जाते आणि कोणाचंच काही लक्षात राहत नाही. एक माणूस निवडा, फार तर दोन. आणि निवडताना कोण जिंकलं ते बाजूला ठेवा. हे मी मनापासून सांगतेय कारण शोमधला नंबर आणि पुढचा प्रवास यांचा संबंध फार कमी आहे. पहिला सीझन २००९ चा, जिंकली ज्युली गुडविन, दुसरी आली पो लिंग यो. पो मूळची चित्रकार, मलेशियात जन्मलेली, आणि हरल्यावर लगेच २०१० मध्ये एबीसी चॅनलवर तिचा स्वतःचा कुकिंग शो सुरू झाला आणि २०२४ पासून ती मास्टरशेफचीच जज झाली. रेनॉल्ड पोर्नोमो २०१५ ला फायनलपर्यंत पोचलाच नाही, तरी डेझर्ट म्हटलं की लोकांना आधी तोच आठवतो. मॅरियन ग्रॅसबी २०१० ला कितवी आली होती हे मला शोधून बघावं लागेल, पण तिच्या मॅरियन्स किचनचे मसाले आणि तयार किट ऑस्ट्रेलियाच्या सुपरमार्केटमध्ये आले आणि यूट्यूबवर तिला लाखो लोक बघतात. त्यामुळे तुमचा माणूस सहाव्या आठवड्यातच घरी गेला असेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

मग निवडायचं कशावरून? माझी पद्धत सांगते. डोळे मिटून आठवा की पूर्ण सीझनमधली कोणती एक डिश तुम्हाला खावीशी वाटली होती. बघून वाहवा करावीशी वाटलेली नाही, खावीशी वाटलेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेशर टेस्टमधली पंचवीस भागांची डेझर्ट बघायला जबरदस्त असतात पण ती पाहुण्या शेफची डिश असते, स्पर्धक नुसती ती उतरवून काढत असतो. त्याचं स्वतःचं जे असतं ते मिस्ट्री बॉक्समध्ये आणि इन्व्हेन्शन टेस्टमध्ये दिसतं, जिथे दिलेल्या साहित्यातून किंवा विषयावरून स्वतःची डिश करायची असते.

मला हे सगळ्यात जास्त कळलं २०२१ च्या फायनलला. किश्वर चौधुरी शेवटच्या तिघांत होती, बरोबर जस्टिन नारायण आणि पीट कॅम्पबेल. फायनल म्हटल्यावर सगळे आपलं सगळ्यात झगझगीत काम बाहेर काढतात आणि हिने समोर ठेवला पांता भात. पाण्यात भिजवून ठेवलेला भात, बंगालमध्ये शेतावर राबणाऱ्या माणसाचं जेवण, त्याच्यासोबत आलू भोर्ता म्हणजे बटाट्याचं भरीत आणि सार्डिन मासा, डिशला नाव दिलं स्मोक्ड राईस वॉटर. असलं जेवण रेस्टॉरंटमध्ये बघायला मिळत नाही हे तिने स्वतःच जजना सांगितलं. ती तिसरी आली, जिंकला जस्टिन. पण त्या एका वाडग्यावरून कळतं की ही बाई पुढे काय करणार आहे, तिला काय जपायचंय, कुठलं जेवण जगापुढे आणायचंय. असं ज्याच्याबद्दल एका डिशवरून कळतं ना, तो माणूस धरून ठेवायचा.

माणूस ठरला की दुसरं काम, त्याचं फूड ड्रीम शोधून काढा. जे शो बघतात त्यांना हा शब्द पाठ असतो, ऑडिशनला प्रत्येकाला विचारतात की तुझं फूड ड्रीम काय. कोणी म्हणतं छोटं कॅफे, कोणी म्हणतं पुस्तक, कोणी फूड ट्रक. ते एका वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा आणि चार-पाच वर्षांनी खरं काय झालं ते त्याच्याखाली लिहा. ऐकायला साधं वाटतं पण यातून माणूस जितका कळतो तितका कुठल्याच मुलाखतीतून कळत नाही. अँडी अ‍ॅलनचंच बघा. इलेक्ट्रिशियन होता, २०१२ ला जिंकला, चोवीस वर्षांचा होता. जिंकल्या जिंकल्या स्वतःच्या नावाचं हॉटेल काढून मोकळा झाला असता, कोणी अडवलं नसतं, पण तो गेला सिडनीच्या थ्री ब्लू डक्स रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला, तिथे शिकला आणि पुढे तिथलाच पार्टनर झाला, आणि मग २०२० मध्ये शोचा जज. बिली मॅके २०१५ ला जिंकली, फायनलच्या दिवशी ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लुमेंथालची बॉट्रायटिस सिनेरिया नावाची भयंकर अवघड डिश केली आणि हेस्टनने तिला इंग्लंडमधल्या ब्रे गावातल्या त्याच्या फॅट डक रेस्टॉरंटमध्ये कामाला यायचं विचारलं, आणि ती खरंच गेली. बक्षिसाचे अडीच लाख डॉलर हातात असताना परत कोणाच्या तरी किचनमध्ये खालच्या पायरीवर उभं राहायचं म्हणजे काय ते विचार करा. हीच बिली २०२२ ला परत आली आणि परत जिंकली, शोच्या इतिहासात दोनदा जिंकणारी पहिली. २०२२ ची बिली २०१५ पेक्षा किती शांतपणे काम करते ते एकदा मुद्दाम बघा, हात कुठेच अडत नाही. मधली वर्षं आपल्याला टीव्हीवर दिसली नाहीत पण तिच्या हातात दिसतात.

आता बघायचं कुठे. काही जण पूर्णवेळ टीव्हीकडे वळतात आणि माझ्या मते घरी स्वयंपाक करणाऱ्याला हे लोक सगळ्यात जास्त उपयोगी. अ‍ॅडम लियॉ २०१० चा विजेता, पेशाने वकील, टोकियोत नोकरी करायचा. त्याचं डेस्टिनेशन फ्लेवर एसबीएस चॅनलवर आलं, ज्यात तो देशोदेशी फिरतो, आणि २०२१ पासून द कुक अप, ज्यात तो दोन पाहुण्यांबरोबर एका साध्याशा विषयावर घरगुती जेवण बनवतो. ज्याला रोज रात्री काय करायचं हा प्रश्न पडतो त्याने अ‍ॅडम धरावा. घाई नाही, आरडाओरडा नाही, का करायचं ते सांगतो. पहिल्या सीझनची जस्टिन स्कोफील्ड पण अशीच, तिचा एव्हरीडे गुरमे हा कुकिंग शो वर्षानुवर्षं चालू आहे, तिचं नाव फार कोणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम घेतेय.

पुस्तकांच्या बाबतीत एक सांगते. शो संपल्यावर सहा-आठ महिन्यांत जे पुस्तक येतं ते बहुतेक वेळा शोच्या आठवणींचं असतं. फोटो सुंदर, रेसिपी ठीकठाक. त्यापेक्षा काही वर्षं थांबून जे पुस्तक येतं ते घ्या, कारण तोपर्यंत त्या माणसाने तीच गोष्ट हजार वेळा केलेली असते. एमिलिया जॅक्सन २०१४ ला पहिल्यांदा आली, तिसरी आली, मग मेलबर्नमध्ये केकचा व्यवसाय केला, २०२० ला परत येऊन जिंकली, आणि तिचं बेकिंगचं पुस्तक आलं २०२२ ला. म्हणजे आठ वर्षांचं बेकिंग त्यात आहे. पुस्तक हातात आलं की मागची पानं आधी उघडू नका, पुढची बेसिक रेसिपी बघा, साधा कस्टर्ड, साधं पेस्ट्रीचं पीठ. तिथे चूक कुठे होते आणि ती ओळखायची कशी हे लिहिलं असेल तर पुस्तक कामाचं. नुसतं साहित्य आणि कृती असेल तर ते नेटवर फुकट मिळतं.

आणि आता खरं काम, म्हणजे ओट्यापाशी उभं राहायचं. तुमच्या माणसाची एक गोष्ट घ्या जी तो परत परत करतो, आणि ती तीन वेळा करा. एकदा करून सोडायची नाही. एमिलियाची ओळख म्हणजे क्रीम पफचं पीठ, ज्याला शू पेस्ट्री म्हणतात. शोमध्ये हे दोन सेकंदात निघून जातं, पातेलं, चमचा, कट, ओव्हन, कट, फुगलेले गोल पफ. मी पहिल्यांदा केले तेव्हा फुगले आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत खाली बसले. दुसऱ्यांदा फुगलेच नाहीत. मग मी नीट वाचून, परत परत बघून एकेक पायरी समजून घेतली.

गंमत अशी की यात बेकिंग पावडर वगैरे काही नसतं. पाणी आणि दूध मिळून २५० मिली, १०० ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ, हे खळखळून उकळलं की १५० ग्रॅम मैदा एकदम ओतायचा आणि जोरात घोटायचं. सगळे इथेच घाई करतात. गोळा झाला की गॅस बंद करायचा नाही, अजून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परतत राहायचं, पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरायला लागतो ना, ती खूण. म्हणजे जास्तीचं पाणी उडालं. पाणी राहिलं तर पीठ अंडी कमी पितं आणि पफ नीट फुगत नाहीत. मग गोळा कोमट होऊ द्यायचा, नाहीतर अंडी शिजतात, आणि ४ ते ५ अंडी फेटून थोडी थोडी घालायची. किती घालायची हे मोजून ठरत नाही, चमचा उचलला की पीठ खाली लोंबतं आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखं टोक राहतं, तिथे थांबायचं, वाटीत अंडं उरलं तरी उरू द्यायचं. ओव्हन २०० डिग्री, आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही म्हणजे नाही, कारण आतली वाफच त्यांना फुगवतेय आणि दार उघडलं की ती गेली. चांगले तपकिरी झाल्यावर प्रत्येकाला सुरीच्या टोकाने भोक पाडून परत पाच-दहा मिनिटं आत ठेवायचे म्हणजे आतून सुकतात. माझे बसले होते ते या भोकाअभावी, आत वाफ कोंडली होती आणि कवच मऊ पडलं.

तिसऱ्यांदा जमले. वरून क्रॅकेलिन पण लावलं, बटर, ब्राऊन शुगर आणि मैदा सारख्या प्रमाणात घेऊन लाटायचं, फ्रीझरमध्ये कडक करायचं आणि गोल चकत्या कापून पफवर ठेवायच्या, भाजताना त्याला तडे जाऊन खमंग कुरकुरीत टोपी होते. त्या दिवशी मी जुना एपिसोड परत लावला आणि पहिल्यांदा मला दिसलं की स्पर्धक पातेल्यात चमचा फिरवताना वर घड्याळाकडे न बघता तळाकडे का बघत असतात. आधी तेच दृश्य मी डझनभर वेळा बघितलं असेल.

ज्यांना गोड आवडत नाही त्यांनी शोमधल्याच लॉरा शॅराडचा पास्ता घ्यावा, हाताने मळायचा, तीन वेळा, पद्धत तीच.

रेस्टॉरंटला जायचा योग असेल तर सगळ्यात महत्त्वाचं, जायच्या त्याच आठवड्यात ते चालू आहे का ते बघा. माझ्या मैत्रिणीला मी हौसेने यादी करून दिली होती, ती बिचारी सिडनीत पत्ता शोधत गेली तर तिथे वेगळंच दुकान. रेस्टॉरंटचा धंदा फार कठीण असतो, भाडं, पगार, आणि २०२० नंतर तर विचारूच नका, कितीतरी जणांनी जागा बंद केल्या किंवा बदलल्या. बंद झालं म्हणजे माणूस हरला असं मानू नका. रेनॉल्डने भावांबरोबर सिडनीत कोई डेझर्ट बार काढला, २०१८ चा विजेता सशी चेलियाने अ‍ॅडलेडला गजा काढलं, सारा टॉडने २०१५ मध्ये थेट गोव्यात वागातोरला अंतारेस काढलं. साराची गोष्ट मला फार आवडते. २०१४ च्या सीझनमध्ये तिने आलू गोबी केली आणि भारतातून तिला इतके लोक फॉलो करायला लागले की तिने इथेच येऊन रेस्टॉरंट उघडलं, आणि ते उघडताना काय काय झालं त्याची टीव्ही सिरीज पण आली. ती मिळाली तर नक्की बघा, लायसन, बांधकाम, माणसं, सगळी धावपळ त्यात आहे, शोच्या किचनमध्ये यातलं काहीच नसतं.

एकाच शहरात जास्तीत जास्त बघायचं असेल तर अ‍ॅडलेड. सिडनी आणि मेलबर्न लोकांना आधी सुचतं पण मास्टरशेफवाल्यांसाठी अ‍ॅडलेडच. लॉराने निडो आणि फुगाझी ही रेस्टॉरंट तिथेच काढली, २०१० च्या सीझनमधल्या कॅलम हानने स्प्राउट नावाचं कुकिंग स्कूल तिथेच काढलं, पहिल्या सीझनच्या आंद्रे उर्सिनीने आंद्रेज कुचिना तिथेच काढलं, पोने जॅमफेस कॅफे काढलं तेही तिथल्याच सेंट्रल मार्केटमध्ये. पहिले दोन दिवस नुसते त्या मार्केटमध्ये फिरण्यात घालवले तरी चालतील. आणि कुकिंग क्लास मिळत असेल तर जेवणाऐवजी तो घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रेस्टॉरंटमध्ये शेफ आत असतो, क्लासमध्ये शिकवणारा समोर उभा राहून तुमच्या हातातली सुरी सरळ करतो.

शेफ भेटलाच तर एक विनंती. सर्व्हिस चालू असताना सेल्फीसाठी किचनच्या दारात उभे राहू नका. शोमधला सर्व्हिस चॅलेंज आठवा, ऑर्डरच्या चिठ्ठ्या लागलेल्या असताना एक मिनिट गेलं की पुढची चार टेबलं अडकतात. जेवण झाल्यावर वाढणाऱ्याला सांगा की आवडलं, कुठली डिश आणि त्यातलं नेमकं काय ते सांगा, वेळ असेल तर तो स्वतः बाहेर येतो. आणि शोमध्ये त्यांनी कोणाला एलिमिनेशनला पाठवलं, कोण रडलं, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हे विचारू नका. तासभराचा एपिसोड दिवसभराच्या शूटिंगमधून कापून काढलेला असतो, महिनोन्‌महिने घर सोडून राहिलेली माणसं असतात ती. इंटरनेटवर पण तेच. एखादा आपल्याला शोमध्ये आवडला नसेल म्हणून वर्षानुवर्षं त्याच्या फोटोखाली जाऊन टोचून लिहिणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं. त्याने त्या दिवशी मासा कच्चा ठेवला होता, आपलं काही घेतलं नव्हतं.

शेवटचं, जुने सीझन परत बघा, पण आता पुढचं माहीत असताना. कुठून सुरू करायचं असं कोणी विचारलं तर मी २०१४ चा सहावा सीझन सांगेन. तेव्हा जिंकला ब्रेंट ओवेन्स. पण त्याच किचनमध्ये एका बेंचवर सारा टॉड आहे जी पुढच्या वर्षी गोव्याला येणारे, दुसऱ्या बेंचवर एमिलिया आहे जी सहा वर्षांनी परत येऊन जिंकणारे, आणि फायनलमध्ये ब्रेंटसमोर उभी आहे लॉरा, अजून विशीपण न गाठलेली, पास्ता मळणारी. ती हरते. २०२० ला परत फायनलला येते आणि एमिलियाकडून हरते. आणि मग २०२५ ला तिसऱ्यांदा येते, समोर कॅलम हान, जो स्वतः २०१० ची फायनल अ‍ॅडमकडून हरलेला, दोघंही अ‍ॅडलेडचे, दोघंही आता स्वतःचं किचन चालवणारे, आणि या वेळेला ती जिंकते. या तीन फायनल एकापाठोपाठ एक लावा, एका सुट्टीच्या दिवशी होतात बघून. आणि बघताना जज काय म्हणतात ते सोडा, फक्त तिचे हात बघा, २०१४ ला ती पीठ किती वेळा चाचपून बघते आणि २०२५ ला किती वेळा.